पांढरीपांडे साहेबांचं जपानी इंजिन

१

"हे ते नाही," देवीलालजी म्हणाले आणि त्यांनी इंजिन टेबलावर ठेवून दिलं.

पांढरीपांडे साहेबांच्या हॉलमध्ये तेव्हा आम्ही पाच जण होतो. स्वतः साहेब, नागपूरहून मुद्दाम आलेले देवीलालजी, साहेबांचे रोजचे सोबती नागोराव, चहाचा ट्रे धरून उभा असलेला उकंडा, आणि मी. मी सेवादास राठोड. कळंबला राळेगाव रोडवर माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की लोक माझ्याकडे आणतात, आणि साहेबांच्या खेळण्यातल्या आगगाड्या अडल्या की साहेब मला बोलावतात.

चंद्रशेखर पांढरीपांडे म्हणजे वीज खात्यातले निवृत्त इंजिनियर. चौऱ्याऐंशी साली खात्यानं त्यांना तीन महिने जपानला पाठवलं होतं. बाकीच्यांनी येताना टेपरेकॉर्डर आणले, साहेबांनी खेळण्यातली आगगाडी आणली. निळ्या प्लास्टिकचे रूळ, काळं इंजिन, मागे दोन डबे. एका सेलवर चालणारी, साठ-एकसष्ट सालची, तिथल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलेली. तेव्हापासून नाद लागला तो लागलाच. आता आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात एकेचाळीस सेट आहेत, सगळे जपानी, सगळे मोटारीवर चालणारे. रविवारी साहेब एखादा काढून हॉलमध्ये चालवायचे. तो पहिला सेट मात्र कधीच चालवला नाही. त्याला हात लावायचीही घरात कोणाला सोय नव्हती, पोरांनाही नाही.

माघात साहेबांच्या पत्नी, अनघावहिनी, गेल्या. साहेब खचले. मागे कोण बघणार म्हणून त्यांनी सगळा संग्रह देवीलालजींना द्यायचं ठरवलं, कारण देवीलालजी नागपुरात जुन्या खेळण्यांचं दालन काढतायत. त्यासाठीच ते बुधवारी आले होते. चाळीस खोकी बघून झाली, एकेचाळिसावं उघडलं, आणि त्यांनी ते वाक्य उच्चारलं. कारखाना तोच आहे, म्हणाले, नमुनाही तोच, पण ही पुढे कितीतरी वर्षांनी काढलेली नक्कल आहे. रूळ जुने, डबे जुने, इंजिन तेवढं बदललेलं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी इंजिन उलटं केलं. पोटावर वहिनींच्या हळदीचे तीन ठिपके होते. दसऱ्याला मी माझ्या वायंडिंग मशीनला हळदकुंकू लावतो, तसं वहिनी इंजिनांना लावायच्या, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही. मला घाई मोटार बघायची. स्क्रू काढले. त्या काळच्या मोटारीत तांब्याची तार उघडी दिसते. ही पत्र्याच्या डबीत बंद होती. मी म्हटलं, देवीलालजी बरोबर बोलतायत, मोटार नवी आहे.

तेवढं सांगून मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण चार लोकांसमोर हुशारी दाखवायची खाज, दुसरं काय! मी विचारलं, "साहेब, कपाटाची किल्ली आता कोणाजवळ असते?"

सगळ्यांनी उकंडाकडे बघितलं.

२

उकंडा त्या घरात तीस वर्षं आहे. राळेगावकडून कामाला आला आणि इथलाच झाला. वहिनी होत्या तोवर कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेच्या जुडग्यात असायची आणि ते जुडगं त्या कोणाच्या हाती देत नसत, साहेबांच्याही नाही. वहिनी गेल्यावर साहेबांनी ती किल्ली उकंडाला दिली. साहेबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून दर सोमवारी खोकी पुसायचं काम त्याचं. माझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं होतं.

साहेबांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. किल्ली टेबलावर ठेव म्हणाले. सोमवारपर्यंत इंजिन आणून दे, मी कुठं काही बोलणार नाही. नाहीतर सोमवारी मी पोलिसात जातो. उकंडानं किल्ली ठेवली. "मी डब्बे वरतून पुसतो जी," तो म्हणाला. "उघडून कधी पाह्यलं नाही. चाला चिंतामणीच्या देवळात, हात ठेवून सांगतो." साहेबांनी पेपर उचलला. उकंडा ट्रे घेऊन आत गेला आणि मागच्या दारानं घरी गेला.

आता उकंडाचं काय पणाला लागलं होतं ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ते कळणार नाही. त्या गल्लीत कोणी परगावी निघालं की घराची किल्ली उकंडाकडे ठेवून जातं. तुळशीला पाणी घालायला, गाय पाहायला, टाकी भरायला. त्याच्या घरात भिंतीला एक खिळा आहे आणि त्या खिळ्यावर अकरा घरांच्या किल्ल्या असायच्या. त्याला ना शेत, ना नोकरीचा कागद. कळंबात त्याची जी काही पत होती ती त्या खिळ्यावर होती.

गुरुवारी दुपारी मी त्याच्या घरी गेलो तेव्हा खिळ्यावर चार किल्ल्या उरल्या होत्या. त्याची बायको तुळसाबाई दारातच बसली होती. सकाळपासून एकेक जण येतो, म्हणाली, पावण्याईसाठी लागते म्हणतो, आन् किल्ली घेऊन जातो. इतके पावणे एकाच दिवशी कसे आले, ते तिनं मला विचारलं. मी खाली बघितलं. उकंडा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

माझी कळंबात एक प्रसिद्धी आहे. विहिरीवरच्या मोटारींची तांब्याची तार चोरणारी टोळी मी पकडून दिली होती, नुसत्या कापलेल्या टोकावरून पक्कड कोणाची ते ओळखून. तेव्हापासून कोणाचं काही हरवलं की लोक म्हणतात, मिस्त्रीले दाखवा. साहेबही त्या संध्याकाळी तेच म्हणाले. सेवादास, तुम्ही बघा. उकंडानं नेलं असेल तर कोणाला विकलं तेवढं काढा. मी हो म्हटलं. पण घरी आलो तर मानीबाईनं, माझ्या बायकोनं, ताट वाढता वाढता विचारलं की त्या दिवशी किल्लीचं कोणी काढलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग चोर तुम्हीच ठरवला न. आता शोधून काय राह्यले?"



३

शुक्रवारी मी नागोरावांकडे गेलो. निवृत्त तलाठी, साहेबांकडे रोज संध्याकाळी बुद्धिबळ. वीस वर्षांपासून त्यांचं एकच म्हणणं, की मरायच्या आधी ती काळी गाडी एकदा चालवून दाखवा. ते साहेबांना चिडवायचेच तसं. मी आडून आडून विचारलं, तर हसले. मिस्त्री, म्हणाले, मला ती चालताना पाहायची होती. कपाटातून काढून माझ्या कपाटात ठेवून काय करू? आणि साहेबांच्या घरात मी हॉलच्या पुढे कधी गेलो असेल तर तुम्ही सांगाल ते हरतो. खरं होतं ते. वहिनींच्या घरात बाहेरचा माणूस हॉलमध्येच बसायचा.

मग साहेबांचा मुलगा पियूष. तो पुण्याला असतो. फोन केला. वडिलांनी पुण्याला यावं म्हणून तो मागे लागलेला, आणि साहेब एकेचाळीस खोकी सोडायला तयार नव्हते. त्यानं ते इंजिन कुठं हलवलं का, असं मी विचारलं, तर तो भडकला. मला त्या गाड्यांचं तोंड बघायची इच्छा नाही, म्हणाला. लहानपणी आम्हा दोघांना त्या कपाटाजवळ उभं राहू दिलं नाही त्यांनी. आणि फोन ठेवला. 'आम्हा दोघांना' म्हणजे तो आणि त्याची थोरली बहीण मंजुषा. मंजुषाचं नाव त्या घरात पंधरा वर्षं कोणी घेतलं नव्हतं. तिनं शाळेतल्या प्रफुल्ल मेश्रामशी लग्न केलं, बौद्ध मुलाशी, आणि साहेबांनी दार लावून घेतलं. ती मारेगावला शिक्षिका आहे. वहिनींच्या अंत्यविधीला आली होती, फाटकाजवळ उभी राहिली आणि गेली. साहेबांनी तिच्याकडे बघितलं नाही. मी तिथं होतो.

शनिवारी सकाळी साहेब म्हणाले, बाकीची चाळीस इंजिनं देवीलालजींनी वरूनच बघितली, त्यांच्या मोटारी तरी खऱ्या आहेत का ते उघडून बघा, त्यांना कळवावं लागेल. मी हॉलमध्ये सतरंजीवर बसलो. साहेब आरामखुर्चीत पेपर घेऊन. एकेक इंजिन काढायचं, उलटं करायचं, सेलचं झाकण उघडायचं, मोटार बघायची.

सहावं की सातवं इंजिन असेल, सत्त्याण्णव सालचं. साहेब प्रत्येक खोक्यावर घरी आल्याचं साल लिहितात. उलटं केलं, आणि हळदीचे ठिपके दिसले. खूप होते. मुंगीच्या डोक्याएवढे, ओळीत, एकाशेजारी एक. हे मी आधीही बघितलं होतं, मोटारी दुरुस्त करताना, पण मोजायची बुद्धी कधी झाली नव्हती. ह्या वेळी मोजले. अठ्ठावीस.

दुसरं घेतलं. दोन हजार दहा. पंधरा ठिपके.

मी साहेबांना विचारलं की वहिनी दसऱ्याला इंजिनांची पूजा कशी करायच्या. साहेबांनी पेपरातून मान वर केली नाही. असेल काहीतरी, म्हणाले, मला त्यात गम्य नाही. मी सगळी खोकी काढून देत असे आणि इथं बसून पेपर वाचत असे. वरच्या बाजूला डाग पाडू नको, पोटाला लाव, एवढंच मी सांगून ठेवलं होतं. गेल्या वर्षीच्या हळदीवर यंदाची लावू नये असं काहीतरी तिचं होतं, शेजारी लावायची.

कुंकू पुसलं जातं. प्लास्टिकवरची हळद जात नाही. म्हणजे त्या घरातल्या प्रत्येक इंजिनाच्या पोटावर त्यानं तिथं किती दसरे बघितले ते लिहिलेलं होतं.

आणि चौऱ्याऐंशी सालापासून घरात असलेल्या त्या काळ्या इंजिनावर तीन ठिपके होते.

४

दुकानात येऊन बसलो. एक शेतकरी मोटार घेऊन आला, त्याला उद्या ये म्हटलं.

तीन ठिपके म्हणजे नक्कल तीन दसऱ्यांपूर्वी कपाटात गेली. तेव्हा किल्ली वहिनींच्या कमरेला होती. उकंडाला किल्ली मिळाली माघात, आणि माघापासून दसरा आलेलाच नाही. त्यानं बदललं असतं तर त्या इंजिनाचं पोट कोरं असतं. उकंडा सुटला. हे मला बुधवारीच कळायला पाहिजे होतं, ते पोट माझ्या हातात होतं, पण मी मोटार बघत होतो.

पण दुसरं कोणी बदललं असेल तर? समजा पियूषनं, समजा आणखी कोणी, वहिनींची नजर चुकवून. मग पुढच्या दसऱ्याला वहिनी ते इंजिन उलटं करतात. तिथं अडतीस ठिपके पाहिजेत आणि पोट कोरं आहे. बाईनं घर डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी तसं काही केलं नाही. कोऱ्या पोटावर गुपचूप पहिला ठिपका दिला आणि इंजिन खोक्यात ठेवलं, नवरा चार हातांवर पेपर वाचत असताना. पुढच्या वर्षी दुसरा दिला. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. बदलणाऱ्या त्याच होत्या.

पियूषला पुन्हा फोन लावला आणि ह्या वेळी नीट विचारलं. आईनं कधी तुमच्याकडून जपानी इंजिन मागवून घेतलं होतं का? तो म्हणाला, हो, तीन-चार वर्षांपूर्वी. बाबांच्या त्या काळ्यासारखंच पाहिजे म्हणाली, नवं चालेल. मला वाटलं ताईच्या मुलीसाठी असेल. बाबांना सांगू नको म्हणाली, नाही सांगितलं.

नवं इंजिन मागवलं नातीसाठी. मग नवं कपाटात का, आणि जुनं कुठं? रविवारी सकाळी मी मारेगावच्या वाटेला लागलो. राळेगावला गाडी बदलली. दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याएवढी झालेली. मनात एकच होतं की ते इंजिन मिळालं की ते घेऊन सोमवारच्या आत परत यायचं, साहेबांसमोर ठेवायचं, आणि उकंडाच्या दारात जाऊन मान खाली घालायची. सोपं वाटत होतं.

दार मंजुषानंच उघडलं. मला बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही.

"सेवादासभाऊ," ती म्हणाली, "बाबांनी पाठवलं का तुम्हाला?"

५

मी म्हटलं, इकडे एका मोटारीचं काम होतं, म्हणून आलो. तिनं बसवलं, पाणी दिलं, प्रफुल्लभाऊ बाजारात गेलेत म्हणाली. तिची मुलगी ऋचा, दहा वर्षांची, माझ्याकडे बघत होती. हे आजोबांच्या गाड्या दुरुस्त करणारे काका, असं मंजुषानं सांगितल्याबरोबर ती आत पळाली आणि काळं इंजिन घेऊन आली. दोन महिन्यांपासून चालत नाही, म्हणाली.

मी ते उलटं केलं. चार ओळींत ठिपके होते. काही रेखीव, काही जाड, पसरलेले.

मंजुषा सांगू लागली, मी न विचारता. ऋचाच्या सातव्या वाढदिवसाला आई आली होती. आई वर्षातून दोनदा यायची, घरी नातेवाइकांचं नाव सांगून. पिशवीतून हे काढलं आणि म्हणाली, तुझ्या बाबांनी पाठवलं. मंजुषाला खोटं वाटलं. बाजारातून कोणीही कोणतंही आणेल, तिनं आईला तोंडावर सांगितलं. तेव्हा आईनं इंजिन उलटं करून तिच्या हातात दिलं.

"ते जाड ठिपके माझ्या हातचे आहेत, भाऊ," मंजुषा म्हणाली. "दसऱ्याला हळदीची वाटी मी धरायची. ह्या इंजिनाला तेवढंच शिवता यायचं, वर्षातून एकदा. हे बाबांशिवाय घराबाहेर कोण काढणार? तेव्हा मी विश्वास ठेवला."

मला आता कळलं की नवं का चाललं नसतं.

फोनवर मी आईला म्हणायची, ती सांगत होती, बाबांना दे, नुसतं थँक्यू म्हणते. आई म्हणायची, त्यांना वेळ दे, इंजिन पाठवलं न, बोलतीलही. मग आईच गेली. त्या दिवशी बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. घरी येऊन मी खूप रडले, पण ऋचा म्हणाली की आजोबांनी गाडी तर पाठवली न, म्हणजे रागावले नाहीत. मीही तेच धरून बसले आहे.

मी पिशवीतून पेचकस काढला. मोटारीच्या तोंडाशी कार्बन धरला होता, एवढंच. कापसानं पुसलं, थेंबभर तेल दिलं, ऋचानं सेल टाकला. इंजिन फरशीवर सरळ चालत गेलं आणि भिंतीला टेकून चाकं फिरवत राहिलं, कारण रूळ कळंबला होते. पोरगी टाळ्या पिटत होती. इंजिन मागायला आलेला मी, तसाच उठलो. उकंडाबद्दल बोलायला तोंड उघडलं असतं तर ह्या बाईकडे काय उरलं असतं? आणि नाही उघडलं तर उद्या सकाळी साहेब ठाण्यात जाणार होते. परतीच्या गाडीत मला दोन्हीकडून काही सुचेना.

संध्याकाळी साहेबांना सगळं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, तीस वर्षांचा माणूस तिकडे भिंतीकडे तोंड करून पडला होता. ठिपक्यांचं सांगितलं, पियूषचं सांगितलं, मारेगावचं सांगितलं. साहेबांनी ते नकली इंजिन उलटं करून मांडीवर धरलं आणि बोटानं ठिपके मोजले.

"तीन दसरे," ते म्हणाले. "इथंच बसली होती ती. मी पेपर वाचत होतो."

मग विचारलं की मंजूला खरं सांगितलंत का. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. तिला सांगू नका, म्हणाले, कधीच. मी उकंडाचं काय ते विचारलं. ते माझ्यावर सोडा, एवढंच उत्तर मिळालं.

सोमवारी सकाळी साहेब काठी घेऊन घराबाहेर पडले. ठाण्याच्या दिशेनं गेले नाहीत. ज्यांच्या किल्ल्या उकंडाकडे असत त्या अकराही घरी गेले. हे नागोरावांनी मला सांगितलं, ते सोबत होते. प्रत्येक दारात साहेब उभे राहिले, आत या म्हटलं तरी गेले नाहीत, आणि प्रत्येक दारात एकच बोलले: "आमचं इंजिन चोरीला गेलं नाही. मारेगावला माझी नात आहे, तिला मीच दिलं होतं. मी विसरलो. उकंडाचा काही दोष नाही."

साहेबांच्या तोंडून 'माझी नात' हे त्या गल्लीनं पहिल्यांदा ऐकलं. शेवटी ते उकंडाच्या घरी गेले आणि त्याच्यासमोरही हात जोडून तेच म्हणाले. खोटं बोलत होते हे जगात फक्त मला ठाऊक होतं. ज्या माणसानं वीज खात्यात चाळीस वर्षं एक आकडा चुकवला नाही, त्यानं अकरा दारांत उभं राहून सांगितलं की माझं डोकं चालत नाही.

६

त्याचं व्हायचं ते झालं. नागोरावांनी काळजीनं पियूषला कळवलं की बाबा महत्त्वाच्या गोष्टी विसरू लागलेत. पियूष आठवड्याभरात गाडी घेऊन आला. साहेबांना नाही म्हणता येईना. विसरत नाही म्हणावं तर उकंडा पुन्हा चोर. जायच्या आदल्या दिवशी ते निळे रूळ आणि दोन डबे कापडी पिशवीत घालून एकटेच एसटीनं मारेगावला गेले. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याला गेले. बाकीची खोकी देवीलालजी घेऊन गेले. घराला कुलूप आहे.

मी उकंडाकडे जायला चार-पाच दिवस लावले. रोज दुकान बंद केलं की आज जाऊ म्हणायचो आणि घरी यायचो. शेवटी गेलो तेव्हा तो अंगणात खाटेवर बसला होता. तुळसाबाईनं चहा ठेवला. खिळ्यावर एकही किल्ली नव्हती. लोक परत घेऊन आले होते, ती म्हणाली, माफीही मागून राह्यले होते, पण ह्यानं एकाचीही घेतली नाही. आता राळेगावला भावाकडे राहायला जातो म्हणतो. ह्या वयात निंदण-खुरपणाला.

मी समजावलं. साहेबांनी चूक कबूल केली, गल्लीला पटलं, आता कायले जाता. साहेबांवर राग धरू नका, असंही म्हटलं.

"साहेबांवर राग नाही जी," उकंडा म्हणाला. "साहेब इसरले. वय झालं, माणूस इसरते. पण मिस्त्री, त्या दिवशी किल्ली कोणाजवळ हाय हे साहेबांनं नव्हतं विचारलं. तुम्ही विचारलं. तीस वर्सं एका वाटीनं येऊन-जाऊन राह्यलो आपण. तुम्ही काय इसरले होते?"

साहेबांजवळ एक खोटं तरी होतं, माझ्याजवळ तेवढंही नव्हतं. साहेब विसरले नव्हते हे त्याला सांगावंसं वाटलं, पण ते सांगायची मुभा नव्हती आणि त्यानं माझं काही हलकंही झालं नसतं. गावात आजही लोक म्हणतात, इंजिनाचा छडा मिस्त्रीनं लावला. मी विषय बदलतो.

"चुकलो, उकंडा," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला, आणि माझा रिकामा कप उचलून आत घेऊन गेला.